सहा पुतळे, सहा गट, एक डबा: बागेतला जिओकॅशिंगचा खेळ कसा रचायचा

मी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली. साखळी ओढली, थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावला, शेवटची काही वर्षं जीपीएसची काठी घेऊन हिंडलो. निवृत्त झाल्यावर एकदा नातीबरोबर बागेत बसलो होतो. समोरच्या पुतळ्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "आजोबा, न बघता सांगा, त्यांच्या कोटाला बटणं किती?" त्या पुतळ्यावरून मी कित्येक वर्षं रोज जात होतो, तरी मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून पुतळ्यांभोवतीच्या शोधाचे खेळ रचतोय. त्यातून जे शिकलो ते इथं लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमच्या बागेत तो मांडता येईल.

आधी थोडी ओळख. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएसच्या मदतीनं तो हुडकून आतल्या वहीत नाव लिहितात. मे २००० पर्यंत सामान्य माणसाला मिळणारा जीपीएस संकेत मुद्दाम बिघडवलेला असायचा, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक सहज पडे. तो अडसर निघाला आणि ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे निर्देशांक इंटरनेटवर टाकले. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्या एका बदलाचं मोल चांगलंच कळतं. शंभर मीटरच्या वर्तुळात डबा शोधणं आणि पाच मीटरच्या वर्तुळात शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आपला खेळ थोडा वेगळा आहे. इथं डब्याचे निर्देशांक कुणालाच पूर्ण मिळत नाहीत. सहा गट, सहा पुतळे. प्रत्येक गटाला एका पुतळ्याकडून एक आकडा आणायचा. सहा आकडे एकत्र आले की डब्याची जागा उघडते. हे गट एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत. सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून अडकतात.

पुतळ्याला काय विचारायचं

सगळी मेहनत इथं लागते. गणित एका संध्याकाळी होतं, पण प्रश्नांसाठी मी बागेत चार-पाच फेऱ्या तरी मारतो.

उत्तर शून्य ते नऊ यांतला एक अंक हवा. ते जमिनीवर उभं राहून, चौथऱ्यावर न चढता दिसायला हवं. जागेवर गेल्याशिवाय मिळणार नाही असं हवं, कारण ठळक पुतळ्यांचे समोरून काढलेले फोटो इंटरनेटवर ढिगानं असतात. आणि ते पुढच्या वर्षीही तेच राहायला हवं. फुलझाडांचे वाफे, बाकं, दिवे, कुंड्या असलं काही मोजायला लावू नका. एकदा मी कुंपणाच्या साखळीचे खांब विचारले होते आणि खेळाच्या आदल्या आठवड्यात त्यातला एक मोडून पडला.

पाटीवरचं साल हा सगळ्यांना सुचणारा प्रश्न, आणि त्यातच सर्वाधिक घोटाळा होतो. एकाच चौथऱ्यावर जन्माचं, मृत्यूचं, अनावरणाचं आणि कधी कधी दुरुस्तीचंही साल असतं. "अनावरणाच्या सालाचा शेवटचा अंक" असं नेमकं लिहा.

माझं मत विचाराल तर चांगला प्रश्न माणसाला पुतळ्याच्या पाठीमागे घेऊन जातो. आपण पुतळे फक्त समोरून बघतो. घडवणाऱ्यानं मात्र तो चहूबाजूंनी घडवलेला असतो. मागे गेलात की अंगरख्याच्या चुण्या दिसतात, पाठीशी धरलेल्या हातातला कागद दिसतो. कांस्याचा पुतळा असेल तर पायथ्याच्या कडेला बऱ्याचदा शिल्पकाराची सही आणि ओतशाळेचं नाव सापडतं. "ओतशाळेच्या नावात अक्षरं किती?" हा माझा आवडता प्रश्न. कारण तो वाचताना कळतं, की एक माणूस मातीत मूर्ती घडवतो आणि दुसरीच माणसं ती धातूत ओततात.

संगमरवरी पुतळा असेल तर पायामागे काय आहे ते विचारा. बहुतेकदा झाडाचा बुंधा, दगडाची रास किंवा खाली घसरलेलं वस्त्र असतं. ते शोभेसाठी ठेवलेलं दिसलं तरी भार त्याच्यावर असतो. दगड दाब उत्तम सोसतो, पण वाकवणारा ताण आला की तडकतो, आणि अख्ख्या माणसाचं वजन दोन बारीक घोट्यांवर उभं राहत नाही. कांस्याला अशा टेकूची गरज पडत नाही, कारण धातू चिवट असतो आणि आतून पोकळही ओतता येतो. बागेत दोन्ही प्रकारचे पुतळे असतील तर एका गटाला बुंधा मोजायला लावा आणि दुसऱ्याला त्याचा अभाव. एकत्र आले की त्यांच्यात चर्चा होतेच, हे मी अनेकदा बघितलंय.

घोडेस्वार असेल तर "चौथऱ्याला किती ठिकाणी स्पर्श झालाय?" असं विचारा. लोक पटकन खूर मोजतात आणि मोकळे होतात. मागच्या दोन पायांवर उभ्या घोड्याचं शेपूट बघायचं राहून जातं, आणि भार तर तिथंही असतो. माद्रिदमधला राजा चौथा फिलिप यांचा पुतळा पिएत्रो ताक्का यांनी १६४० मध्ये पुरा केला. त्यात घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे आणि तोल शेपटीनंही सांभाळलाय. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर द ग्रेट यांच्या पुतळ्यात, जो १७८२ मध्ये उभा राहिला, फाल्कोने यांनी घोड्याच्या पायाखाली साप घातला आणि त्या सापानं आधाराचं कामही केलं. आणखी एक सांगतो. घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी झाला होता, दोन्ही वर म्हणजे रणात पडला, असं कुणी ना कुणी गटात सांगतंच. असा कोणताही सर्वमान्य नियम नाही आणि त्याला छेद देणारे पुतळे पुष्कळ आहेत. प्रश्न त्यावर बेतू नका.

अमूर्त शिल्पांना लोक टाळतात, पण त्यांचे प्रश्न उलट सोपे होतात: आरपार किती भोकं आहेत, जमिनीला किती टोकं टेकली आहेत. समूहशिल्पात माणसं मोजायला द्या. मोठ्यांच्या आड उभं असलेलं लहान मूल हमखास सुटतं.

स्मारकाजवळ कुणी शोक करायला येत असेल, तर ते स्मारक खेळातून वगळा. आणि निवडलेल्या प्रत्येक पुतळ्याचं उत्तर चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मार्गावरून दिसतंय का, हे स्वतः खाली बसून तपासा.

आकड्यांचं गणित

निर्देशांक लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वापरतात, म्हणजे मिनिटांच्या पुढे तीन दशांश स्थळं. फोनवरचे नकाशे बहुधा नुसते दशांश अंश दाखवतात. दोन्हींची गल्लत झाली तर माणूस कित्येक किलोमीटर भलतीकडे जातो. रूपांतर सोपं आहे: अंशांचा अपूर्णांक घ्या, ६० नं गुणा, मिनिटं मिळतात. .५०८३३ अंश म्हणजे जवळजवळ ३०.५०० मिनिटं. खेळात एकच पद्धत ठेवा आणि ती प्रत्येक कार्डावर छापा.

आता नीट लक्ष द्या, कारण पहिल्या वर्षी मी नेमका इथंच चुकलो. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १,८५२ मीटरचं असतं. म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळाचा एक अंक बदलला तर जागा १.८५ मीटरनं सरकते, दुसऱ्याचा बदलला तर १८.५ मीटरनं, पहिल्याचा बदलला तर १८५ मीटरनं. रेखांशाचंही विषुववृत्तावर हेच, पण ध्रुवांकडे जाऊ तसं हे अंतर घटतं आणि ६० अंश अक्षांशावर निम्मं होतं.

मी तेव्हा सहा गटांना सहा दशांश अंक, अक्षांशाचे तीन आणि रेखांशाचे तीन, सरळ वाटून दिले. ऐकायला न्याय्य वाटतं. पण बाग चारशे मीटर लांबीची असेल तर पहिलं दशांश स्थळ कुणीही नकाशा बघून ओळखतो, म्हणजे ते दोन गट फुकट गेले. आणि तिसरं दशांश स्थळ माहीत नसलं तरी अठराएक मीटरच्या टापूत डबा हुडकता येतो, म्हणजे आणखी दोन गट बिनकामाचे झाले. खरं काम दुसऱ्या स्थळाच्या दोनच गटांकडे उरलं. बाकीच्या मुलांना ते कळलं आणि त्यांचे चेहरे उतरले.

म्हणून आता मी पहिलं दशांश स्थळ सगळ्यांना आधीच देऊन टाकतो आणि दुसऱ्या स्थळाच्या अंकांत सगळ्या गटांना गुंफतो. गटांना अ, ब, क, ड, इ, फ म्हणू. समजा डब्याच्या अक्षांशाचे दशांश .४७३ आहेत आणि रेखांशाचे .८१६. यातले ४ आणि ८ उघड आहेत. पुतळ्यांची उत्तरं समजा अ ५, ब ८, क ३, ड ४, इ ९, फ २.

अक्षांशाचं दुसरं स्थळ अ, ब आणि क यांच्या बेरजेतून काढू. बेरीज १६, आपल्याला हवा ७. म्हणून कार्डावर लिहायचं: "अ + ब + क + १, शेवटचा अंक घ्या." सतरा, म्हणजे ७. रेखांशाचं दुसरं स्थळ ड, इ, फ यांच्यातून: बेरीज १५, हवा १, म्हणून ६ मिळवा, एकवीस, म्हणजे १. तिसऱ्या स्थळांसाठी दोन-दोन गट पुरतात. अ + ड + ४ म्हणजे तेरा, म्हणून ३. ब + इ + ९ म्हणजे सव्वीस, म्हणून ६. असा एखादा अंक मिळवत गेलात की पुतळ्यांची उत्तरं काहीही असोत, डबा तुम्हाला हवा तिथंच ठेवता येतो.

आता क गट रुसून बसला तर काय होतं बघा. अक्षांशाच्या दुसऱ्या स्थळाला दहा शक्यता उरतात आणि त्या उत्तर-दक्षिण सुमारे १७० मीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या असतात. झाडीतल्या दहा जागा चाळत बसण्यापेक्षा क गटाची समजूत काढणं सोपं पडतं. कुठल्याही गटाला बाजूला ठेवून बघा, हेच होतं.

एक सापळा मात्र आहे. पडताळणी म्हणून मी एकदा कार्डाच्या खाली छापलं होतं, "सहाही उत्तरांची बेरीज ३१." पाच गट जमले, सहावा लांबच्या पुतळ्यापाशी अजून मोजत होता. एका मुलीनं पाच उत्तरं मिळवली, ३१ मधून वजा केली आणि सगळे डब्याकडे धावत सुटले. सहावा गट परत आला तेव्हा वही सह्यांनी भरलेली होती. त्या चौघांची मी मनापासून माफी मागितली. तेव्हापासून पडताळणीचा आकडा छापत नाही.

पण पडताळणी तर हवीच. मोजणीत एका माणसाची नोंद आम्ही कधी अंतिम धरत नसू. दुसऱ्यानं स्वतंत्रपणे मोजायचं, पहिल्याचा आकडा न बघता, आणि दोन्ही जुळले की मग वहीत शाईनं. तीच रीत इथं आणली. पहिल्या फेरीत प्रत्येक गटाकडे फक्त स्वतःच्या पुतळ्याचं कार्ड. उत्तर कार्डाच्या मागे लिहायचं आणि ठरल्या जागी येऊन ते संयोजकाकडे द्यायचं. सहाही कार्डं आली की दुसरी फेरी: अ गटानं ब च्या पुतळ्याकडे जायचं, ब नं क च्या, असं करत फ नं अ च्या. या वेळी हातात नुसता प्रश्न. दोन्ही उत्तरं जुळली तरच तो अंक फळ्यावर चढतो. प्रश्न सुरुवातीला एकाच गटाच्या हाती असतो, त्यामुळे कुणालाही वगळता येत नाही, आणि उत्तर दोन गटांच्या नजरेखालून जातं.

जुळली नाहीत तर दोन्ही गटांना एकत्र पाठवा. तुम्ही निवाडा करू नका. एकदा एका गटानं बटणं पाच मोजली, दुसऱ्यानं सहा. आठ जण पुतळ्याभोवती उभे राहिले, एकानं बोट दाखवत मोजलं, दुसरीनं त्याला थांबवलं, आणि शेवटी सापडलं की खांद्यावरून आलेल्या पट्ट्याखाली अर्धं बटण डोकावतंय. ते मोजायचं की नाही यावर वीस मिनिटं बोलणं चाललं. त्या बटणाकडे इतकं कुणी पुतळा बसवल्यापासून बघितलं नसेल. कार्डात मी नंतर "अर्धवट दिसणारी धरून" एवढे शब्द वाढवले.

डबा आणि त्याची जागा

आधी परवानगी, तीही लेखी. बागेची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना जागा प्रत्यक्ष दाखवा, आणि खेळाच्या दिवशी पहाऱ्यावर असलेल्यांनाही सांगा. सार्वजनिक ठिकाणी झुडपात दडवलेला अनोळखी डबा बघून लोक घाबरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. अशा डब्यांपायी बाँबशोधक पथकं धावल्याचे प्रसंग झालेले आहेत. म्हणून डबा पारदर्शक घ्या, आत काय आहे ते दिसू द्या, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत "जिओकॅशिंगचा खेळ" असं लिहा. स्वतःचा संपर्क आतल्या चिठ्ठीवर ठेवा.

पुतळ्यावर किंवा चौथऱ्यावर डबा लपवायचा नाही, काही चिकटवायचं नाही, बांधायचं नाही. चुंबकाचा डबा कांस्याला चिकटतच नाही, लोखंडी कठड्याला चिकटतो. पण कठडा पुतळ्याभोवतीचा असेल तर तोही सोडून द्या. जमीन खणायची नाही, हा जिओकॅशिंगचा जुना नियम आहे. रचलेल्या दगडी भिंतीची भोकं वापरू नका, शोधणारे दगड उपसतात. म्हाताऱ्या झाडाच्या मुळांमधली खोबण, ओंडक्याखालची पोकळी अशा जागा उत्तम. आधी हातातल्या काठीनं चाचपून बघा, आत दुसऱ्या कुणाचं घर नाही ना.

डब्यात वही आणि पेन्सिल. पेन नको, दमट हवेत शाई पसरते. खाण्याची वस्तू अजिबात नको. पहिल्या बादलीत बीन्सचा एक बंद डबा होता, पण वास प्राण्यांना बोलावतो हे खेळणारे लवकर शिकले. छोट्या वस्तू ठेवल्या असतील तर रीत अशी की जो घेईल त्यानं तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवावी.

जागेचे निर्देशांक एकदाच घेऊन थांबू नका. उघड्या आकाशाखाली चांगला फोनही साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. झाडीत आणि उंच भिंतीशेजारी संकेत आपटून, वळसा घेऊन येतात, तिथं चूक वाढते. फोन दोन-तीन मिनिटं स्थिर धरा, आकडा ठरू द्या, मग लिहा. दहा पावलं दूर जा, दुसऱ्या दिशेनं परत या, पुन्हा लिहा. हे वेगवेगळ्या दिवशी करा, आणि वेळाही बदला. लोक वेळ बदलायचं विसरतात. जीपीएसचे उपग्रह दिवसात साधारण दोनदा पृथ्वीभोवती फिरतात, त्यामुळे रोज ठरावीक वेळी आकाशातली त्यांची मांडणी जवळपास तीच असते. रोज सकाळी सातला मोजाल तर रोज तीच चूक मोजाल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी घेतलेल्या आठ-दहा नोंदींची सरासरी काढा, एखादी फारच फटकून असेल तर टाकून द्या. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तो आकडा घालून त्याला डब्याकडे पाठवा आणि तुम्ही लांब उभे राहा.

खेळाचा दिवस

गटात तीन किंवा चार जण, लहान-मोठे मिसळून. पाचवा आला की एक जण नुसता मागे चालत राहतो. पुतळ्यांपर्यंत नेणारा साधा हातानं काढलेला नकाशा पुरतो. फोन पहिल्या दोन फेऱ्यांत खिशात ठेवायला सांगा. सगळ्या पुतळ्यांपासून साधारण सारख्या अंतरावरची एक जागा भेटीसाठी ठरवा आणि तिथं फळा किंवा मोठा कागद लावा.

आकडे जमले की निर्देशांक दोन वेगवेगळ्या फोनमध्ये दोघांना घालायला सांगा, आणि तिसऱ्यानं मोठ्यानं वाचून ताडून बघायचं. मग सगळे एकत्र चाला. फोन "पोहोचलात" म्हणाला की तो खाली ठेवा, कारण पुढचे पाच मीटर डोळ्यांचे असतात. वाढलेलं गवत कुठं दबलंय, कुठला दगड उगाच टेकलाय, एक हात कुठवर जाईल, ते बघायचं. झाडं तुडवायची नाहीत हे आधी बजावून ठेवा.

वहीत मी नुसती सही मागत नाही. प्रत्येकानं आपल्या पुतळ्याची, प्रश्नात नसलेली एक गोष्ट लिहायची. कुणी लिहिलं, बुटाचा एक बंद सुटलेला आहे. कुणी लिहिलं, पावसाचं पाणी डोळ्यांखालून हिरवं होऊन वाहिलंय. तो हिरवा रंग कांस्यातल्या तांब्याचा. पुढच्या वर्षीचे माझे निम्मे प्रश्न या वहीतूनच येतात.

हा डबा कायमचा ठेवून जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळावर नोंदवायचा असेल, तर स्वयंसेवक तपासनीस आधी तो तपासतात. दुसऱ्या कुणाच्या डब्यापासून तो किमान १६१ मीटर लांब असावा लागतो. पुतळे नुसते बघायचे थांबे असल्यामुळे त्यांना ही अंतराची अट लागत नाही. मात्र तिथं लोक एकेकटे येतात, म्हणून सहाही प्रश्न सगळ्यांना द्यावे लागतात. तो खेळही छान असतो, पण गटांचा नसतो.

आदल्या संध्याकाळी सहाही पुतळ्यांपाशी एक फेरी माराच. एका वर्षी एक पुतळा दुरुस्तीसाठी चारी बाजूंनी कापडानं झाकलेला निघाला, आणि मला रात्री बसून कार्डं बदलावी लागली. तेव्हापासून सातवा पुतळा राखीव ठेवतो, प्रश्नासकट. क चा पुतळा झाकला गेला आणि राखीव पुतळ्याचं उत्तर ३ ऐवजी ७ असेल, तर अ + ब + क ची बेरीज २० होते. मिळवायचा अंक १ ऐवजी ७ करायचा, बाकी काही हलवायचं नाही. क फक्त याच एका सूत्रात आहे म्हणून इतकं सोपं. अ, ब, ड, इ दोन-दोन सूत्रांत आहेत, तिथं दोन्हीकडचे अंक बदलायचे लक्षात ठेवा.